स्पेनची मासळी आणि गंजातलं इंग्रजी

डाळीची मिल रोज संध्याकाळी झाडतात, अगदी कानाकोपरा झाडतात. तरी दिवाळीला मशीन सरकवलं की खाली पोतंभर चुरी निघतेच! कुठून आली, कधी साठली, कुणाला पत्ता नसतो. किश्श्यांचंही तसंच. आपल्याला वाटतं आपण इतकी वर्षं धंदा करत होतो. मागं वळून बघावं तर धंदा गेला कुठल्या कुठे, आणि चुरी मात्र पोतंभर.

परवा एका लग्नात एकानं विचारलं, "आप्पा, तुम्हाला म्हणे स्पॅनिश येतं?"

मी म्हणालो, "अजिबात येत नाही. मी फक्त त्याचं इंग्रजी करायचो."

तो हातात जिलबी धरून माझ्याकडं बघतच राहिला. त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. इतका नवा, की कचेऱ्यांतल्या खुर्च्यांच्या पाठीवर अजून 'उस्मानाबाद' लिहिलेलं होतं. जिल्हा आला आणि पाऊस गेला. गंजात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, माल येईना. तराजूच्या पारड्यात मांजर झोपायला लागलं. दुपारी माझ्या डाळीच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या जागी दोस्त बसायचे. एक आमचे गुरुजी. शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, पण चुका काढण्यातून अजून रिटायर न झालेले. दुसरे गफूरभाई. बाजारभरचा फाटका बारदाना, म्हणजे रिकामी पोती, शिवायचे. हातात दाभण, आणि जीभ दाभणापेक्षा बारीक. तिसरे बापूराव, धोंडेवाडीचे सरपंच. गावच्या दोन्ही विहिरी आटल्या होत्या, तिसऱ्या दिवशी एक टँकर यायचा. तो यावा म्हणून बापूराव रोज एस.टी.नं लातूरला यायचे, कचेरीत उभे राहायचे आणि पाय दुखले की माझ्याकडं येऊन बसायचे.

चौथ्या म्हणजे सिस्टर पिलार.

*

सिस्टर पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो. गोरी बाई, पांढरा झगा, डोक्याला पांढरा रुमाल. मनात इंग्रजी जुळवलं. म्हणालो, "वेलकम मॅडम. काइंडली सिट."

बाई बसल्या नाहीत. पिशवीतनं तुरीच्या डाळीची पुडी काढून त्यांनी माझ्यासमोर आपटली.

"आप्पा, ही काय डाळ हाय का खडे? सकाळपून शिजवून राहिले, शिजंनाच की वो!"

गफूरभाईंच्या हातातलं दाभण पडलं.

उदगीर रस्त्यावरच्या मिशनच्या दवाखान्यात बाई वीस वर्षं नर्स होत्या. मूळच्या स्पेनच्या. मराठी शिकल्या त्या पेशंटकडून, तेही बाळंतिणींकडून. त्यामुळं त्यांचं मराठी आमच्या आत्याबाईसारखं होतं. इंग्रजी मात्र औषधांच्या नावांपुरतं.

मी डाळ बदलून दिली. बाईंनी ती तिथंच दाताखाली फोडून बघितली आणि म्हणाल्या, "हाव. ही बरी हाय. आता दुसरं काम ऐका."

*

दुसरं काम असं. बाईंच्या गावात एक कार्निव्हलचं मंडळ होतं. कार्निव्हल म्हणजे त्यांच्याकडचा शिमगाच. सोंगं, गाणी, टवाळ्या, सगळं आलं. बाईंनी घरी पत्र लिहिलं की इथं लेकरं डबक्यातलं पाणी पिऊन दवाखान्यात येऊन राहिलीत. त्या मंडळानं ते पत्र भर चौकात वाचलं आणि धोंडेवाडीसाठी बोअरची गाडी ठरवून दिली!

गाडी आलीही. दवाखान्याच्या अंगणात उभी होती. तमिळ ड्रायव्हर टायरला टेकून विड्या ओढत होता. पण बोअर पाडायचा तो गायरानात, म्हणजे सरकारी जागेत. देणगी परदेशी. मंडळ वर्षभर काय काय करतं ते सांगणारे कागद स्पॅनिशमध्ये. नव्या जिल्ह्यातल्या एका कचेरीनं (नाव नको, माणसं अजून आहेत) सांगितलं, "सगळे कागद इंग्रजीत आणा. शब्द न् शब्द."

ड्रायव्हर म्हणाला, "होलीतक रुकेगा. धुलवड के दूसरे दिन गाडी सोलापूर."

होळीला दोन महिने होते. बापूराव माझ्याकडं बघायला लागले. "आप्पा, तुमी तारा लिहिता की इंग्रजीत."

खरं होतं. वडलांच्या वेळेपासून दुकानाच्या तारा मी लिहायचो. माझं सगळं इंग्रजी तारेतलं. तारेत शब्द वाया घालवायचा नसतो, एवढं एकच व्याकरण मला ठाऊक.

गुरुजी म्हणाले, "ते इंग्रजी नव्हे. ते आजारपण आहे."

तरी ठरलं. सिस्टर स्पॅनिशचं मराठी करणार, मी मराठीचं इंग्रजी करणार, गुरुजी चुका काढणार. गफूरभाईंना काही काम दिलं नव्हतं. ते त्यांनी आपण होऊन घेतलं.

*

गुरुजींना ही व्यवस्था कमीपणाची वाटली. "बाळंतिणींच्या मराठीतून भाषांतर करायचं? डिक्शनरी पाहिजे," म्हणाले, आणि एस.टी.नं नांदेडला गेले. तिथल्या एका कॉलेजात त्यांचा जुना विद्यार्थी होता. दोन दिवसांनी परत आले ते उशीएवढं पुस्तक काखेत मारून. चेहऱ्यावर असा आनंद, जणू विहिरीलाच पाणी लागलं.

पहिला शब्द निघाला, 'कोम्पार्सा'. गुरुजींनी पानं उलटली. पुढं उलटली, मागं उलटली. घाम पुसला.

डिक्शनरी इंग्रजीतून स्पॅनिशची होती. आधी इंग्रजी शब्द ठाऊक पाहिजे, मग त्याचा स्पॅनिश सापडणार!

गुरुजी हार मानणारे नव्हते. म्हणाले, "आपण अंदाजानं इंग्रजी शब्द धरायचा आणि तपासायचा."

गफूरभाई गोणी शिवता शिवता म्हणाले, "मतलब जवाब मालूम रहेंगा तो सवाल मिलेंगा. गुरुजी, ये किताब तो पूरी सरकारी निकली!"

ती डिक्शनरी पुढं दोन महिने दुकानात होती. वारा आला की कागद उडू नयेत म्हणून फार उपयोगी पडली.

*

कोम्पार्साचं बाईंनी असं सांगितलं. दहा-वीस माणसं सारखे कपडे घालून गल्लोगल्ली फिरतात आणि वर्षभर ज्यानं ज्यानं गाढवपणा केला त्याची गाणी म्हणतात. नगराध्यक्षाला तर समोर उभं करून म्हणतात. त्यानं हसायचं असतं.

"न्हाई हसला तर?" बापूरावांनी विचारलं.

"तर पुढच्या वर्षी त्याच्यावर दोन गाणी!"

गुरुजींनी चार ओळींचं एक वाक्य सांगितलं. त्यात तीन स्वल्पविराम होते. मी माझ्या पद्धतीनं लिहिलं, 'पार्टी सिंगिंग इन्सल्ट्स टु मेयर. मेयर लाफिंग.'

कचेरीतल्या अव्वल कारकुनाला सगळे रावसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण कागद जसा आला तसा पुढं गेला तर आपण खुर्चीत बसलो कशाला, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न असायचा. चार दिवसांनी कागद परत आला. समासात लाल शाईत शेरा, 'सदर मेयर यांचे हसल्याबाबतचे संमतिपत्र जोडलेले नाही.'

सिस्टरनी स्पेनला पत्र टाकलं. सव्वा महिन्यानं पाकीट आलं. आत नगराध्यक्षाचा फोटो होता. बोळकं दिसेपर्यंत हसत होते. मागं सही.

रावसाहेबांनी फोटो फाईलला लावून घेतला. पण म्हणाले, "दोन प्रती पाहिजेत."

*

मंडळाच्या पत्रावर खाली सह्या होत्या. पहिली सही राजाची, दुसरी राणीची.

रावसाहेबांनी चष्मा काढला. "आप्पा, संस्थानं खालसा होऊन किती वर्षं झाली? परक्या राजाकडून आपल्या जिल्ह्यात भोक पाडून घ्यायचं? हे मुंबईलाच पाठवावं लागेल."

मुंबईला गेलेला कागद होळीच्या आत परत येणं शक्य नव्हतं. बापूरावांचा चेहरा पडला. गफूरभाईंनी डोक्याला हात लावला. "अरे, निजाम गया तब नै रोया मैं. अब ये कौन नवा राजा आया बाबा?"

सिस्टर हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अवो, तो राजा कागदाचा हाय! दोन पुरुष उंच. आतून माणूस शिरतो आन् उचलून नाचवतो. जो आत शिरतो त्यानंच सही केली."

त्यांच्याकडं अशा उंच बाहुल्यांना 'हिगांतेस' म्हणतात. तुकडीत मोठ्या डोक्याचे बुटकेही असतात. ते पोरांच्या मागं लागतात.

मी तिथंच कागद घेतला आणि खुलासा लिहिला, 'किंग पेपर. क्वीन पेपर. बोथ होलो.'

रावसाहेबांनी तो तीनदा वाचला. मग एकदम माया आल्यासारखे म्हणाले, "पोकळ आहेत होय? मग हरकत नाही. पोकळ असले की आमच्याच पातळीवर निकाली काढता येतं."

*

'रोमेरिया' या शब्दावरून दुकानात भांडण झालं.

सिस्टर म्हणाल्या, डोंगरावर देवीचं देऊळ असतं. वर्षातनं एकदा सगळं गाव गाड्या सजवून जातं. देवीला नमस्कार करतात, मग खाली झाडाखाली जेवतात, पितात, नाचतात आणि संध्याकाळी कोण कुणाबरोबर घरी आलं याचा मेळ लागत नाही.

गुरुजींनी नमस्कारापर्यंतच ऐकलं होतं. "पिलग्रिमेज!" म्हणाले. "तीर्थयात्रा!"

बापूराव म्हणाले, "जत्रा हाय ही, गुरुजी."

गफूरभाई म्हणाले, "उरूस है."

"जत्रा काय, उरूस काय! देवीचं नाव आहे त्यात. देवाच्या दारी दारू आणि नाच? छे! असं जगात कुठं होत नाही!"

बापूरावांनी शांतपणे तंबाखू मळली. "गुरुजी, तुमी माळेगावला जाता न्हवं दरसाल? खंडोबाला?"

"जातो. कुलदैवत आहे."

"मागल्या साली तमाशाच्या तंबूत माझ्या म्होरं बसून कोण शिट्टी वाजवून राहिलं व्हतं मग?"

दुकानात इतकी शांतता झाली की पारड्यातलं मांजर जागं झालं.

गुरुजींनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, 'पिलग्रिमेज' खोडलं आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'फेअर'.

*

सगळ्यात शेवटचा शब्द राहिला होता. होळी आठवड्यावर आली होती. 'एन्तिएरो दे ला सार्दिना.'

"मासळीची मयत," सिस्टर म्हणाल्या. "शब्दाला शब्द धरला तर मासळी पुरणं."

आम्ही सगळे बाईंच्या तोंडाकडं.

"कार्निव्हल संपला की शेवटच्या दिशी सार्डिन नावाच्या मासळीची मयत काढतात. पुरुष विधवा होतात. काळे कपडे घालून छाती पिटून रडतात. खोटंच, पर लई मोठ्यानं!"

"केवढी असते ही मासळी?" मी विचारलं. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी मासळी जवळून बघितलेली नव्हती.

बाईंनी करंगळी दाखवली.

"एवढ्याशा जिवाला तिरडी?"

"हाव. मग नदीवर नेऊन जाळतात."

गुरुजी सरसावले. "थांबा. शब्दाचा अर्थ पुरणं, आणि जाळतात?"

"काही गावात पुरतात, काही गावात जाळतात."

मी म्हणालो, "पुरणं बरोबर. आमच्या लिंगायतांत पुरतातच. बसवून पुरतात."

गफूरभाई म्हणाले, "मछली को बिठाएंगे कैसा? लिटा के दफन करो, हमारे जैसा."

गुरुजी म्हणाले, "जाळणं शास्त्राला धरून आहे."

अर्धा तास तिघांचं जुंपलं. मासळी कोणत्या रीतीनं जावी यावरून गफूरभाईंनी आणि मी एकमेकांचे आजोबा काढले. शेवटी सिस्टरनी डिक्शनरी उचलून आपटली.

"गप बसा रे! ती कॅथलिक हाय!"

*

'बरियल ऑफ सार्डिन' वाचून रावसाहेब हादरले. शेरा आला, 'मयताचे नाव, वय व मृत्यूचे कारण कळविल्याशिवाय प्रकरण वरिष्ठांकडे सहीस ठेवता येत नाही.'

मी खुलासा लिहिला, 'नेम सार्डिन. एज नॉट नोन. डेथ एव्हरी इयर.'

कागद परत आला. 'दरवर्षी मृत्यू कसा, याचा खुलासा व्हावा. तसेच कारण नमूद नाही.'

धुळवडीला तीन दिवस राहिले होते. दवाखान्याच्या अंगणात ड्रायव्हर गाडीला ग्रीस लावत होता. बापूराव त्या दिवशी कचेरीतून सरळ दुकानात आले. चहा समोर गार झाला. मग एकदम म्हणाले, "बाई, त्या पत्रातलं शेवटचं तेवढं परत वाचा."

सिस्टरनी वाचलं. मंडळानं लिहिलं होतं, 'यंदा आम्ही मासळी काढणार नाही. तिच्यासाठी जे जमवलं होतं ते तुमच्या पाण्याला दिलं आहे. मासळी वर्षभर थांबेल. तुमच्या लेकरांना थांबवू नका.'

बापूरावांनी चहाचा कप बाजूला सारला.

"म्हंजे आपल्यापायी त्यांची मयत तशीच पडून हाय?"

बापूराव उठून उभे राहिले.

"हे बरं दिसत न्हाई, आप्पा. बोअर व्हवो न व्हवो. पडलेली मयत उचलाय पाह्यजे. आपण काढू."

*

धोंडेवाडीत धुळवडीला दरसाल खोटी तिरडी निघायचीच. गावातला एक इरसाल गडी वर निजायचा, पोरं बोंब मारत फिरवायची आणि शेवटी त्याला विहिरीजवळ नेऊन आंघोळ घालायची. यंदा आंघोळीला पाणी नव्हतं, आणि तो गडीही कामाला पुण्याला गेला होता. तिरडी रिकामी होती. मासळीची सोय झाली.

"करंगळीएवढी केली तर दिसंल कशी?" बापूराव म्हणाले. मग गफूरभाईंनी माझ्या दुकानातला रिकामा बारदाना घेतला, आणि रिकामा बारदाना तेव्हा माझ्याकडं भरपूर होता. त्याची त्यांनी सहा हात लांब मासळी शिवली. आत तुरीचं भुसकट. डोळ्याला बरणीची झाकणं. खवल्यांना सिगारेटच्या पाकिटातली चांदी. काम इतकं सुबक, की सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी मागून फिरून बघितलं आणि ओरडलो, "गफूरभाई, हे काय केलंत!"

गोणीवरचा दुकानाचा छाप बरोबर शेपटीवर आला होता. तीन पिढ्या शाकाहारी असलेल्या आमच्या घराण्याचं नाव, ठळक अक्षरात.

गफूरभाई म्हणाले, "आप्पा, मय्यत में सब के नाम आने कू होना."

*

धुळवडीच्या दिवशी सकाळी धोंडेवाडीतनं मयत निघाली.

पुढं हलगी. मधे चौघांच्या खांद्यावर मासळी, चादरीनं झाकलेली, शेपटी तेवढी बाहेर. मागं गावातले पन्नास-साठ पुरुष बायकांची लुगडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. बापूराव सगळ्यात पुढं, थोरली विधवा. मिशा पदराबाहेर. सिस्टर बाजूनं चालत शिकवत होत्या, "मोठ्यानं! छातीतनं! आमच्याकडं यापरीस मोठ्यानं रडतात!"

सुरुवातीला लोक हसत हसत रडत होते. पाराजवळ आल्यावर कुणीतरी ओरडलं, "अगं माझ्या मासोळे, आम्हाला टाकून कुठं गेलीस गं!" आणि दुसऱ्यानं त्याच्यावर चढवलं, "नदी सुकली, विहीर सुकली, तू तरी राहायचीस गं!" मग हसू कमी कमी होत गेलं. दारात उभ्या असलेल्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. त्या खऱ्या होत्या.

नदीच्या वळणावर समोरून जीप आली.

फाईलवर ज्यांची सही पाहिजे होती त्या साहेबांना दुष्काळात धुळवड नव्हती. टँकर बघत फिरत होते. तरुण माणूस, डोक्यावर हॅट. मराठी नवीन शिकलेले, म्हणून सावकाश बोलायचे. मागच्या सीटवर रावसाहेब, मांडीवर फायलींचा गठ्ठा. त्यांनी आधी तिरडी बघितली, मग शेपटीवरचा छाप बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मयत आडवी जाताना बघून साहेब खाली उतरले. हलगी थांबली. तिरडीवर झाकलेलं काहीतरी लांबलचक आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

"कोण गेलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

पळून जावं असं मला वाटलं. गुरुजी माझ्या मागं लपले होते. बापूरावांनी पदर नीट केला.

"मासळी, साहेब."

साहेबांनी तिरडीकडं बघितलं. लुगड्यातल्या साठ माणसांकडं बघितलं. वळणापलीकडं नदीचं पात्र होतं, त्यात वाळूशिवाय काही नव्हतं. तिकडंही बघितलं.

"कशानं?"

बापूराव आता सोंगात नव्हते.

"पाण्यावाचून."

रावसाहेबांनी मागच्या सीटवर गठ्ठा सोडला. वरून तिसरी, आमच्या बोअरची फाईल काढली आणि खिडकीतून पुढं धरली.

साहेबांनी आधी डोक्यावरची हॅट काढली. मग खिशातलं पेन काढलं.